गर्भाशयमुखाचा कर्करोग: मुलीला लस, आईला तपासणी

१ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली. तेव्हापासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस घरोघरी चर्चेत आहे. इतक्या लहान पोरीला ही लस कशाला? पुढे मूल व्हायला अडचण तर येणार नाही? सरकारी घ्यावी की खासगीत? आई हे सगळं मुलीसाठी विचारते आणि ते योग्यच आहे. पण ती स्वतः ३५ किंवा ४५ वर्षांची असेल तर तिचा जीव लशीपेक्षा तपासणीने वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि त्याबद्दल ती काहीच विचारत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १,२७,००० बायकांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८०,००० बायका त्याने दगावतात. भारतीय बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या बायकांना विचारलं होतं की या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के.

हा कर्करोग होतो कसा

गर्भाशयाचा खालचा अरुंद भाग योनीत उघडतो. त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बोलताना आपण 'पिशवीचं तोंड' म्हणतो. इथे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भिडतात. योनीच्या बाजूला चपट्या पेशींचे अनेक थर असतात आणि आतल्या बाजूला उंच, नाजूक पेशींचा एकच थर. वयात येताना, बाळंतपणात आणि पाळी जाताना ही सीमा आतबाहेर सरकते. त्या पट्ट्यात पेशी सतत बदलत असतात, म्हणून संसर्ग तिथे लवकर शिरतो. कर्करोगाची सुरुवातही बहुधा तिथेच होते.

संसर्ग करणारा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांना नुसते आकडे दिलेले आहेत. हातापायांवर साधे चामखीळ येतात तेही याच कुळातल्या काही प्रकारांमुळे. डझनभर प्रकार धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ सगळ्यांत घातक. जगात या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जणींना तो या दोन प्रकारांमुळे झालेला असतो. भारतात हे प्रमाण आणखी जास्त आढळतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्हीच आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

संसर्ग झाला म्हणजे कर्करोग झाला असं मात्र नाही. संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ जणींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत विषाणूला स्वतःच हुसकावून लावतं, आणि त्यांना तो आला-गेला याचा पत्ताही लागत नाही. उरलेल्या काही जणींत तो पेशींत ठाण मांडतो. पेशींची वाढ आवरणारी शरीराची यंत्रणा तो बंद पाडतो आणि हळूहळू पेशींचं रूप बिघडतं. या अवस्थेला कर्करोगपूर्व बदल म्हणतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो.

या १५-२० वर्षांत काहीही दुखत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही, पण तपासणीत बदल सापडू शकतो आणि छोट्याशा उपचाराने काढूनही टाकता येतो. इतकी लांब सवलत देणारे कर्करोग फार थोडे आहेत. म्हणून या रोगाने वर्षाला ८०,००० बायका जाव्यात याची चीड यायला हवी.

'आमच्या घरात असलं काही नाही'

एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो हे ऐकलं की अनेक जणी गप्प होतात. कुणाला आपल्या चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतं, तर कुणाच्या मनात नवऱ्याबद्दल शंका येते. वस्तुस्थिती अशी की लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही होतो. तो त्वचेच्या स्पर्शातून पसरतो, त्यामुळे निरोधने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. शिवाय विषाणू वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. आज चाचणीत सापडलेला संसर्ग या वर्षीचा आहे की पंधरा वर्षांपूर्वीचा, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणून घरात जाब विचारायला कोणताही आधार नाही. डॉक्टरांनी आणि आशाताईंनी हे रिपोर्ट हातात ठेवण्याआधीच सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग होत नाही, तोवर बाई घाबरून घरी गेलेली असते.

लशीत असतं काय

एचपीव्हीच्या लशीत विषाणू नसतो, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचात एक प्रथिन असतं. प्रयोगशाळेत यीस्टसारख्या पेशींकडून तेवढंच प्रथिन बनवून घेतलं की त्याचे तुकडे आपोआप जुळून पोकळ गोळे तयार होतात. फोडून खोबरं काढून घेतलेली करवंटी पुन्हा जोडून ठेवावी तसा हा प्रकार असतो: बाहेरून नारळच, पण रुजायला आत काही नाही. शरीर त्या कवचाला शत्रू समजून प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढे खरा विषाणू आला की तो पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो.

लशीचं वय यावरूनच ठरतं. विषाणू पेशीत आधीच शिरला असेल तर लस त्याला बाहेर काढत नाही. झालेला संसर्गही बरा होत नाही आणि झालेला बदलही मागे जात नाही. म्हणून संसर्गाची शक्यता सुरू होण्याच्या बरीच आधी लस द्यायची. ९ ते १४ हे वय 'मुलगी काय करते' या संशयातून ठरवलेलं नाही. या वयात प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद सगळ्यांत जोरदार असतो आणि कमी डोस पुरतात. गोवरावरची लस आपण गोवर येण्याआधी देतो, तोच हिशेब इथे आहे.

भारतात मिळणाऱ्या लशींत मुख्य फरक आहे तो त्या किती प्रकारांपासून वाचवतात यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि ती २०२३ मध्ये बाजारात आली. परदेशी कंपनीची गार्डासिल याच चार प्रकारांवर आहे. गार्डासिल ९ आणखी पाच प्रकार रोखते, पण ती कितीतरी महाग आहे. ६ आणि ११ कर्करोग करत नाहीत, जननेंद्रियांवर मस आणतात. आमचं मत स्पष्ट आहे: महागडी परवडत नाही म्हणून थांबू नका. १६ आणि १८ सगळ्याच लशींत आहेत आणि खरा धोका तिथेच आहे.

लस दंडाच्या स्नायूत देतात, अर्धा मिलिलिटर. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठली तर निकामी होते. म्हणून औषधाच्या दुकानातून विकत घेऊन पिशवीतून नेण्यापेक्षा जिथे टोचणार तिथल्याच फ्रीजमधली घ्या. टोचल्यावर १५ मिनिटं मुलीला बसवून ठेवा. या वयात सुई टोचल्यावर चक्कर येणं नेहमीचं आहे, आणि उभी असताना पडली तर डोक्याला लागतं. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी बारीक ताप येतो. आधीच्या डोसनंतर किंवा लशीतल्या एखाद्या घटकाची गंभीर अॅलर्जी झालेली असेल तर लस देत नाहीत. गरोदरपणात ती पुढे ढकलतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते.

एक डोस, दोन की तीन?

इथे गोंधळ आहे आणि त्याला कारणही आहे. सुरुवातीला सगळ्यांना तीन डोस दिले जात. मग १५ वर्षांखालच्यांसाठी दोन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वयात एक डोसही चालू शकेल, २१ च्या पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन द्या आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर किमान दोन, जमल्यास तीन द्या.

'एक डोस पुरतो' याचा मोठा पुरावा भारतातूनच, आणि काही अंशी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतून आला आहे. २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय त्यात होतं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लशीचे सगळे अभ्यास थांबवले आणि सुमारे ४,९५० मुलींचा पहिलाच डोस शेवटचा ठरला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: १६ आणि १८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस ९५ टक्के परिणामकारक होता, दोन आणि तीन डोसांच्या तोडीचा.

तरी एक बारकावा लक्षात ठेवा. एका डोसचा पुरावा सगळ्या कंपन्यांच्या लशींसाठी सारखा जमलेला नाही. सर्वाव्हॅकच्या परवान्यात ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत आणि १५ ते २६ ला तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. खासगीत घेत असाल तर हेच वेळापत्रक पाळा. सरकारी मोहिमेत एकच डोस देत असतील तर 'काटकसर करतात' असं समजू नका. आणि दुसरा डोस लांबला तर पहिला वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

'लशीने मुली दगावल्या होत्या ना?'

हा प्रश्न अजून निघतो आणि तो टाळू नये. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत लसीकरणाचा एक वेगळा प्रायोगिक प्रकल्प झाला. त्यात लस घेतलेल्या हजारो मुलींपैकी सात मुलींचे पुढे मृत्यू झाले आणि देशभर काहूर उठलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. त्यांत पाण्यात बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक पोटात जाणं, मलेरिया अशी कारणं होती. चूक दुसरीकडे होती आणि ती गंभीर होती. वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या दोन गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या आणि लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात येणं कित्येक वर्षं लांबलं. आज शाळेतून संमतिपत्र आलं तर ते वाचून, शंका विचारून, मगच सही करा. तो तुमचा हक्क त्या प्रकरणातूनच अधोरेखित झाला आहे.

वंध्यत्वाची भीती तशीच पसरली आहे. जगभर कोट्यवधी डोस देऊन झाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने माहिती वारंवार तपासली, आणि लशीमुळे मूल होत नाही असं कुठेही आढळलं नाही. मूल होण्याच्या आड येतो तो कर्करोग, कारण त्याच्या उपचारात अनेकदा गर्भाशय काढावं लागतं किंवा किरणोपचाराने अंडाशय निकामी होतात.

लशीचा फायदा प्रत्यक्ष दिसायला वेळ लागतो, आता तो दिसतो आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुली विशीत आल्यावर त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटलेला दिसला. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये राज्यभरातल्या ९ ते १३ वर्षांच्या मुलींना लस दिली आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोहोचून दाखवलं. एका छोट्या डोंगराळ राज्याला हे जमलं.

तिशीनंतर लस घेऊ का?

२६ वर्षांपर्यंत घ्यायला हरकत नाही, लग्न झालेलं असलं तरी. एखाद्या प्रकाराचा संसर्ग होऊन गेला असेल तर बाकीच्यांपासून बचाव होतोच. २६ च्या पुढे फायदा कमी होत जातो. काही देशांत ४५ पर्यंत परवाना आहे, तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. पण हातात मर्यादित पैसे आहेत आणि घरात १२ वर्षांची मुलगी व ३८ वर्षांची आई आहे, तर लस मुलीला द्या आणि आईची एचपीव्ही चाचणी करा. उलट केलं तर दोघींचाही तोटा होतो.

मुलग्यांना लस दिली तर त्यांनाही घशाच्या, गुदद्वाराच्या काही कर्करोगांपासून आणि मसांपासून संरक्षण मिळतं. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही देतात. आपल्याकडे आधी सगळ्या मुलींपर्यंत पोहोचणं गरजेचं आहे.

तपासणीच्या तीन पद्धती

तपासणी म्हणजे कोणताही त्रास नसताना केलेली चाचणी. ती तीन प्रकारे होते.

पहिली व्हीआयए. योनीत स्पेक्युलम नावाचं साधन घालून गर्भाशयमुख दिसेल असं करतात, त्यावर ३ ते ५ टक्के तीव्रतेचं अॅसिटिक आम्ल लावतात आणि एक मिनिट थांबतात. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटतो. निकाल लगेच मिळतो आणि खर्च नगण्य असतो. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच चाचणी सुचवली आहे. अडचणी दोन. मिनिट पूर्ण होण्याआधीच पाहिलं किंवा उजेड कमी पडला तर डाग निसटतो. आणि पाळी गेल्यावर ती पेशींची सीमा आत सरकते, त्यामुळे पन्नाशीनंतर ही चाचणी फारशी भरवशाची राहत नाही.

तरीही ती जीव वाचवते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी ही चाचणी करत होत्या. बारा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरी पॅप स्मिअर. लाकडी पट्टीने किंवा ब्रशने गर्भाशयमुखाच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काचपट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी वाळतात आणि वाचता येत नाहीत. एका वेळच्या पॅपमधून बरेच बदल सुटून जातात, म्हणून ती दर तीन वर्षांनी करायची असते. पाश्चात्त्य देशांत तिने हा कर्करोग खूप कमी केला, कारण तिथे ती पुन:पुन्हा होत राहिली. आपल्याकडे शिबिरात एकदा पॅप होते आणि मग दहा वर्षं काही नाही. तशा वापरासाठी ती चाचणी बनलेलीच नाही.

तिसरी एचपीव्ही चाचणी. यात पेशींऐवजी विषाणूची जनुकीय खूण शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली: वयाच्या ३० पासून, दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्ही असल्यास २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. तिशीच्या आधी ती करू नये, कारण त्या वयात आपोआप जाणारे संसर्गच जास्त सापडतात आणि विनाकारण घबराट होते.

या पसंतीमागे मराठवाड्यातल्या बायका आहेत. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले गेले. तीन गटांना एकेक चाचणी, आयुष्यात फक्त एकदा. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात ६४. व्हीआयए आणि पॅपच्या गटांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. चाचणी निर्दोष आलेल्यांतही फरक होता. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बायकांत पुढे कर्करोग निघण्याचं प्रमाण पॅप किंवा व्हीआयए निर्दोष आलेल्यांच्या साधारण एकचतुर्थांश होतं. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीका झाली आणि ती गंभीरपणे घेण्यासारखी आहे. आमच्या मते त्या बायकांचं ऋण फेडायचा मार्ग एकच: निदान महाराष्ट्रात तरी ही चाचणी प्रत्येकीला मिळावी. जगाने तो निष्कर्ष वापरला, आपण अजून शिबिरांच्या हिशेबात अडकलो आहोत.

एचपीव्ही चाचणीचा आणखी एक मोठा फायदा असा की नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी बोटाच्या मधल्या पेरापर्यंत, साधारण पाच सेंटिमीटर, योनीत घालायची, अर्धा मिनिट हळूहळू फिरवायची आणि नळीत टाकून झाकण लावायचं. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचायची गरज नाही. टेबलावर पाय वर करून झोपायच्या संकोचापायी ज्या कधीच दवाखान्यात जात नाहीत, त्यांच्यासाठी हे वरदान आहे.

कोणतीही चाचणी पाळी चालू असताना करू नका. आधीचे दोन दिवस योनीत औषध ठेवू नका, आतून पाण्याने धुऊ नका, संबंध टाळा. लस घेतलेली असली तरी तिशीनंतर तपासणी चुकवू नका, कारण लशीबाहेरचे प्रकार उरतातच.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

धाराशिवच्या अभ्यासात शंभरातल्या दहा जणींची एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली होती. त्यांतल्या फारच थोड्यांना कर्करोग होता. पॉझिटिव्ह म्हणजे 'पुढची पायरी करा', एवढंच. त्या पायरीला कोल्पोस्कोपी म्हणतात: भिंग लावलेल्या यंत्रातून गर्भाशयमुख बारकाईने पाहतात आणि संशयास्पद जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात. रिपोर्टवर 'सीआयएन' आणि पुढे १, २ किंवा ३ असं लिहिलेलं असतं. ही बदलाची पायरी आहे, कर्करोगाची 'स्टेज' नव्हे. घरचे हमखास तसं समजतात. सीआयएन १ बहुधा आपोआप जातं, त्यावर फक्त लक्ष ठेवतात. २ आणि ३ वर उपचार करतात, कारण सीआयएन ३ तसंच सोडलं तर ३० वर्षांत दर दहातल्या साधारण तिघींना कर्करोग होतो.

उपचार दोन प्रकारचे. थर्मल अॅब्लेशनमध्ये सुमारे १०० अंशांपर्यंत तापलेलं टोक काही सेकंद टेकवून बिघडलेल्या पेशी जाळतात. भूल लागत नाही, कळ येते तेवढीच. बदल मोठा किंवा आतपर्यंत गेलेला असेल तर लीप करतात: भूल देऊन विजेच्या तारेच्या फासाने तेवढा भाग कापून काढायचा. दोन्हींनंतर बाई त्याच दिवशी घरी जाते. तीन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव होतो आणि तेवढे दिवस संबंध टाळायचे. वर्षाने पुन्हा चाचणी करायची. गर्भाशय जागेवर राहतं आणि पुढे मूलही होऊ शकतं. लीपनंतरच्या गरोदरपणात मात्र डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, कारण दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो.

'त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू'

नको. अंगावरून पांढरं जातं, 'पिशवीच्या तोंडावर जखम आहे', पुढे कॅन्सर होईल, असं सांगून तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढण्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. नुसत्या डोळ्यांना दिसणारी लाली म्हणजे बहुतेक वेळा आतल्या नाजूक पेशी बाहेर सरकलेल्या असतात, ती कर्करोगाची खूण नाही. पांढरं जाणं बहुधा साध्या संसर्गाने होतं आणि औषधाने बरं होतं. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर एकच विचारा: 'एचपीव्ही किंवा पॅपचा रिपोर्ट कुठे आहे, आणि तुकडा तपासला का?' रिपोर्ट नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर हाडं ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंतचे त्रास लवकर मागे लागतात.

तपासणीची वाट पाहू नये अशी लक्षणं

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा एक डागही दिसणं, दुर्गंधी असलेला किंवा रक्तमिश्रित स्राव. यांतलं काहीही असेल तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आतून तपासणी करून घ्या, आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी. 'उतारवयात पुन्हा पाळी आली' असं म्हणून वर्ष घालवलेल्या बायका पाय सुजल्यावर, लघवी अडल्यावर येतात. तेव्हा रोग आजूबाजूला पसरलेला असतो आणि आठवडेच्या आठवडे किरणोपचार व केमोथेरपी घ्यावी लागते. कर्करोग ठरला तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी चौकशी करा.

साखळी तुटते ती रिपोर्टनंतर

चाचणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि बाई पुन्हा आलीच नाही. तपासणीचे कार्यक्रम सगळ्यांत जास्त इथे फसतात. शिबिराच्या वहीत नवऱ्याचा नंबर असतो, तो कामावर असतो. निरोप सासूकडे जातो. कोल्पोस्कोपी जिल्ह्याच्या गावी असते आणि तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून चाचणी करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: रिपोर्ट कोणत्या तारखेला, कुणाकडून मिळेल, पॉझिटिव्ह आला तर पुढे कुठे जायचं, तिथे आठवड्यातला कोणता दिवस असतो. नंबर स्वतःचा किंवा आशाताईंचा द्या. कागद जपून ठेवा, 'नॉर्मल' असला तरी, आणि पुढची तारीख त्यावरच लिहून घ्या.

ज्या गावांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला जातात, तिथे नोव्हेंबर ते मार्चमधल्या शिबिराला नेमक्या गरजेच्या बायका गावात नसतात. अशा गावात शिबिर पावसाळ्यात घ्यावं, व्हीआयए करावी आणि थर्मल अॅब्लेशनचं यंत्र सोबतच ठेवावं. ते हातात मावतं आणि बॅटरीवर चालतं. कर्करोगाची शंका नसेल आणि डाग उपचाराजोगा असेल तर त्याच दुपारी उपचार होतो, आणि बाईला दुसऱ्यांदा बोलवावं लागत नाही.